फुल फ्रेम बॉडी घेतली, आता कमी पैशात लेन्स कुठली? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुल फ्रेम बॉडी (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, लेन्सशिवाय) घेऊन झाली की बहुतेकांचे पैसे संपलेले असतात आणि मग लक्षात येतं की खरा खर्च लेन्सचा आहे. जे प्रश्न सारखे येतात ते इथे घेतलेत. काही उत्तरं लांबलीत, काही एका ओळीत संपलीत, आणि मतं माझी आहेत, पटलं तर घ्या.

एकच लेन्स घेण्याइतके पैसे उरलेत. कुठली घेऊ?

बॉडीसोबत किट झूम मिळत असेल तर ती घ्या, कारण तीच लेन्स नंतर सुटी घ्यायला गेलात तर बरीच महाग पडते. सोनीकडे २८-६० किंवा जुनी २८-७०, निकॉन झेडला २४-५०, कॅनन आरएफला २४-१०५ एफ ४-७.१, पॅनासॉनिकला २०-६०. (हे आकडे एमएममधल्या फोकल लेंग्थचे, आकडा लहान तेवढं रुंद दिसतं. एफ म्हणजे अपर्चर, प्रकाश आत यायचं भोक, एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं. झेड, आरएफ ही माउंटची, म्हणजे लेन्स बसवायच्या जागेची नावं.) यातली पॅनासॉनिकची मला सगळ्यात हुशारीची वाटते, कारण ती २० पासून सुरू होते, म्हणजे वेगळी वाइड लेन्स घेण्याचा खर्च बराच काळ पुढे ढकलता येतो.

नुसती बॉडी घेतली असेल तर ५० एमएम एफ १.८. प्रत्येक कंपनीकडे आहे, आणि निकॉन झेडची सोडली तर बाकीच्यांकडे ती सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक असते. निकॉनची झेड ५० एफ १.८ फार सुंदर आहे पण स्वस्त नाही, त्यामुळे झेडवाल्यांनी आधी ४० एमएम एफ २ बघा, छोटी आहे, हलकी आहे आणि फोटोही छान देते.

किट लेन्सला सगळे एवढी नावं का ठेवतात?

कारण ती अंधारात कमी पडते. दिवसा उजेडी एफ ८ ला काढलेला फोटो किट लेन्सचा की महागड्या लेन्सचा हे फोनच्या स्क्रीनवर कोणाला सांगता येत नाही, लावा पैज. कोपऱ्यात थोडी मऊ असते, अपर्चर छोटं असतं, बांधणी प्लास्टिकची असते, बस. आजकालच्या स्वस्त मिररलेस (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या) लेन्समध्ये कडा वाकड्या येणं सॉफ्टवेअरने सरळ केलं जातं, आणि त्याबद्दलही लोक तक्रार करतात, पण शेवटी जो फोटो हातात येतो तो सरळच असतो ना.

आधीच्या क्रॉप (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या लेन्स आहेत, त्या चालतील का? तेवढेच पैसे वाचतील.

चालतील, पण मग फुल फ्रेम कशाला घेतला हा प्रश्न उरतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, आणि क्रॉप लेन्स जो प्रकाशाचा गोल पाडते तो त्याहून लहान सेन्सरसाठी बनवलेला असतो, त्यामुळे कडेला काळं येतं. म्हणून कॅमेरा मधला भागच वापरतो. सोनी, निकॉनच्या २४ मेगापिक्सेल बॉडीवर मग साधारण साडेदहा मेगापिक्सेल उरतात, कॅननवर त्याहून थोडे कमी. ए४ साइजची प्रिंट तेवढ्यातही चांगली निघते, म्हणजे दोन-चार महिने जुनी १८-५५ वापरून ढकलायला काहीच हरकत नाही. ४५ मेगापिक्सेलची बॉडी असेल तर आणखी आरामात.

पण एक गोष्ट पक्की ठेवा: नवीन पैसे टाकून क्रॉप लेन्स घेऊ नका. वापरात आहे ती वापरा, नवी घ्याल ती फुल फ्रेमचीच. नावात बघायचं, निकॉनचं डीएक्स, कॅननचं ईएफ-एस आणि आरएफ-एस, सिग्माचं डीसी, टॅमरॉनचं डीआय टू म्हणजे क्रॉप. सोनीचं मात्र नीट बघा, फुल फ्रेमच्या लेन्सवर एफई लिहिलेलं असतं आणि क्रॉपच्या लेन्सवर नुसतं ई, माउंट दोन्हीचं एकच, त्यामुळे घाईत उलटसुलट होतं. आणि कॅननचा जुना फुल फ्रेम डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) असेल तर ईएफ-एस लेन्स त्यावर बसतच नाही, तिचा मागचा भाग जास्त आत येतो, तिथे आरसा असतो. जबरदस्ती करू नका.

५०, ३५ की ८५? यावर लोकांचं भांडण कधी संपतच नाही.

संपणार पण नाही, कारण प्रत्येकाला फोटो वेगळ्या गोष्टीचे काढायचे असतात. आधी एक हिशोब करा. क्रॉप कॅमेऱ्यावर तुम्हाला जी लेन्स आवडायची तिचा आकडा दीडने गुणा, कॅनन असेल तर १.६ ने. क्रॉपवर ५० ने पोर्ट्रेट काढायची सवय असेल तर तो नजारा ७५-८० चा होता, म्हणजे फुल फ्रेमवर तुम्हाला ८५ हवी. हे न कळल्यामुळे कितीतरी लोक फुल फ्रेमवर ५० लावतात आणि म्हणतात अरे ही तर एवढी वाइड कशी झाली, लेन्सच बिघडली का. तसंच क्रॉपवर ३५ लाडकी असेल तर इथे ५० घ्या, आणि १८-५५ कायम १८ वरच असायची तर २८ किंवा त्याच्या आसपास.

आधी कुठलाच कॅमेरा नव्हता अशांसाठी: घरातली माणसं, मुलं, जेवणाचं टेबल, रस्ता, प्रवास असं सगळं एकाच लेन्सने काढायचं असेल तर मी ३५ ते ५० मधली काहीतरी म्हणेन. छोट्या खोलीत ५० ने मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागते, ३५ ने तेवढी लागत नाही. उलट ३५ घेऊन चेहऱ्याच्या अगदी जवळ गेलात तर नाक मोठं दिसतं आणि समोरचा माणूस तो फोटो कधीच डीपी म्हणून ठेवणार नाही.

८५ ही दुसरी लेन्स म्हणून झकास, पहिली म्हणून अवघड. सोनीची एफई ८५ एफ १.८, पॅनासॉनिकची ८५ एफ १.८, कॅननची आरएफ ८५ एफ २ या तिन्ही खिशाला तशा बऱ्या आहेत. फक्त एक लक्षात घ्या, दोन मीटरवरच्या माणसाचा ८५ एफ १.८ ने फोटो काढला तर शार्प पट्टा असतो साधारण ६ सेंटिमीटरचा. पापण्यांचा केस न केस मोजता येतो आणि कानाचं लोणी झालेलं असतं. माणूस थोडा तिरका उभा असेल तर एक डोळा शार्प आणि दुसरा गेलेला. एफ २.८ वर आणा, मागचं तरीही छान विरघळलेलं राहतं आणि दोन्ही डोळे मिळतात.

एफ १.८ आणि किट लेन्सच्या एफ ५.६ मध्ये खरंच एवढा फरक पडतो?

पडतो, जवळजवळ दहापट प्रकाशाचा. म्हणजे संध्याकाळी घरात किट लेन्सवर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० लागत असेल तर त्याच शटर स्पीडला एफ १.८ वर ६४० च्या आसपास काम होतं. इथे बॉडी बदलून एवढा फरक पडणार नाही, आणि म्हणूनच मी सांगतो की स्वस्तातली एक प्राइम (झूम न होणारी लेन्स) जवळ असू द्या, मग बाकी लेन्स कितीही साध्या असोत.

आणि एफ १.८ च्या ऐवजी एफ १.४? एक स्टॉपसुद्धा (म्हणजे दुप्पट प्रकाश) नाही मिळत, पाऊण स्टॉप मिळतो, आणि त्याच्यासाठी वजन आणि पैसे दोन्ही भरपूर जातात. बजेट हा विषय असेल तर विसरा.

मग २४-७० एफ २.८ घेऊन विषय संपवला तर? हप्त्यावर मिळते.

विषय संपत नाही, हप्ते सुरू होतात. लग्नाचं, कार्यक्रमाचं पैसे घेऊन काम करत असाल तर ती लेन्स पैसे वसूल करते, तिथे लेन्स बदलायला वेळच नसतो. शिकायला आणि हौसेला ती जड पडते, खिशाला पण आणि मानेला पण. मोठी लेन्स घरीच राहते हा अनुभव जवळपास सगळ्यांचा.

एफ २.८ ची झूम हवीच असेल तर सुरुवातीचे चार एमएम सोडून द्या. टॅमरॉनने २०१८ मध्ये सोनीसाठी २८-७५ एफ २.८ काढली तेव्हापासून हा एक वेगळाच मधला रस्ता तयार झालाय, २०२१ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, त्यामुळे पहिली आता सेकंडहँडमध्ये बऱ्या भावात मिळून जाते. सिग्माची २८-७० एफ २.८ फक्त ४७० ग्रॅमची आहे, सोनी आणि एल माउंट (पॅनासॉनिक वापरते तो) दोन्हीला मिळते. निकॉन झेडला त्यांचीच २८-७५ आहे. २४ आणि २८ मधला फरक खोलीत आणि इमारतींसमोर जाणवतो हे खरं, पण त्यासाठी किट लेन्स बॅगेत असतेच की.

थर्ड पार्टी (कॅमेरा कंपनीऐवजी दुसऱ्यांनी बनवलेली) लेन्स घेऊ का? कॅमेरा खराब होतो म्हणतात.

नाही होत. सिग्मा आणि टॅमरॉन वर्षानुवर्षं हेच करतायत. सॅमयांग आणि विलट्रॉक्सच्या छोट्या प्राइम पण बघण्यासारख्या आहेत, फक्त घेण्याआधी फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट कसा होतो ते विचारा, काही लेन्सला त्यासाठी वेगळा डॉक लागतो, काहींना लेन्सवरच यूएसबी पोर्ट असतो.

कुठल्या माउंटला किती पर्याय हे मात्र बॉडी घेण्याआधीच बघायला हवं होतं असं नंतर सगळे म्हणतात. सोनीने ई माउंटची माहिती २०११ मध्येच इतर कंपन्यांना खुली केली म्हणून तिथे स्वस्त लेन्सची रांग लागलीये. एल माउंट लायका, पॅनासॉनिक आणि सिग्माने २०१८ मध्ये एकत्र येऊन चालवायला घेतला, तिथेही सिग्मामुळे बरं आहे. कॅनन आरएफच्या फुल फ्रेमला ऑटोफोकसवाल्या बाहेरच्या लेन्स सोनीच्या मानाने फारच कमी. पण म्हणून आरएफवाल्यांनी नाराज होऊ नका, पुढचा प्रश्न तुमच्यासाठीच आहे.

अडॉप्टर लावून डीएसएलआरच्या जुन्या लेन्स वापरल्या तर क्वालिटी जाते का?

अडॉप्टरमध्ये काचच नसेल तर क्वालिटी जाणार कशी? कॅननच्या ईएफ माउंटमध्ये लेन्सची कडा ते सेन्सर अंतर ४४ मिलिमीटर होतं, आरएफमध्ये २० आहे, मधलं २४ मिलिमीटर भरून काढायला एक पोकळ नळी लावतात, त्यात विजेचे कनेक्शन. एवढंच. कॅननच्या ईएफ लेन्स १९८७ पासूनच्या आहेत आणि सगळ्यांच्या मोटर लेन्समध्येच असल्यामुळे आरएफ बॉडीवर त्या अगदी घरच्यासारख्या चालतात. ईएफ ५० एफ १.८ एसटीएम, ईएफ ८५ एफ १.८, ईएफ ४० एफ २.८, लोक मिररलेसवर जायला लागल्यापासून या सगळ्या सेकंडहँडमध्ये ढिगाने आल्यात. आरएफवर कमी पैशात सेट जमवायचा तर हाच मार्ग.

निकॉनचं जरा तपासून. जुन्या निकॉन लेन्स झेड बॉडीवर लावायच्या एफटीझेड अडॉप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स ऑटोफोकस करतात. जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्स, म्हणजे ज्यांना बॉडीतली मोटर स्क्रूने फिरवायची, त्या फक्त हाताने फोकस कराव्या लागतात. ५० एफ १.८ डी स्वस्त दिसली म्हणून झेड बॉडीसाठी उचलू नका, त्याऐवजी ५० एफ १.८ जी (G) उचला. याउलट तुमची फुल फ्रेम बॉडी म्हणजे डी६१० किंवा डी७५० असेल तर त्यांच्यात मोटर आहे, तिथे डी खुशाल घ्या.

सोनीवर कॅननच्या लेन्स अडॉप्टरने चालतात, फोटोला ठीकठाक, व्हिडिओला भरवसा नाही. आणि सोनीला स्वतःच्या माउंटमध्येच इतकं स्वस्त मिळत असताना ही उठाठेव कशाला.

सेकंडहँड लेन्स घेताना नेमकं काय बघायचं?

सोबत बॉडी, कार्ड आणि एक छोटा टॉर्च न्या, फोनचा पण चालेल. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, मागून तिरका टॉर्च मारा आणि समोरून आत बघा. धुळीचे दोन-चार कण दिसणारच, नव्या लेन्समध्ये पण असतात, फोटोत येत नाहीत. बघायची ती बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा कडेपासून आत पसरलेली नक्षी दिसली की लेन्स परत द्या, कितीही स्वस्त असो. दुसरं म्हणजे धुकट थर. काच दुधाळ दिसत असेल तर उजेडासमोर कॉन्ट्रास्ट मरतो, आणि सरळ बघितलं तर हा थर दिसतच नाही, टॉर्च तिरकाच मारावा लागतो. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा मी फार मनावर घेत नाही, मागच्या काचेवरचा घेतो.

मग माउंटचे स्क्रू बघा. त्यांचे खाचे खराब झालेले असतील तर लेन्स कोणीतरी उघडलीये, का ते विचारा. झूम आणि फोकस रिंग शेवटपर्यंत फिरवा, मधेच खरखर किंवा अडकणं नको. लेन्स खाली तोंड करून धरा, झूम आपोआप खाली घसरत असेल तर ती भरपूर वापरलेली आहे. डीएसएलआरची जुनी लेन्स असेल तर अपर्चरच्या पात्यांवर तेल चमकतंय का तेही बघा, तेलाने पाती सावकाश बंद होतात आणि फोटो ओव्हरएक्सपोज येतात.

आता बॉडीवर लावा. विटांची भिंत किंवा लांबची इमारत अगदी समोरून, पूर्ण उघड्या अपर्चरला. चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखे मऊ असतील तर ती लेन्स तशीच आहे, पण डावीकडचे दोन शार्प आणि उजवीकडचे दोन गेलेले असं असेल तर आतली काच सरकलीये, म्हणजे लेन्स बहुधा कधीतरी पडलीये. ऑटोफोकस जवळ-लांब-जवळ असा पाच-सहा वेळा करून बघा. हे सगळं करताना विकणारा घाई करायला लागला तर तेच तुमचं उत्तर.

लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) हवंच का?

बॉडीत असेल तर छोट्या लेन्सला नको. ईओएस आरपी आणि आर८ मध्ये बॉडीत स्टॅबिलायझेशन नाहीये, तिथे लेन्समध्ये असलेलं बरं. टेलीला (लांबचं जवळ आणणारी लेन्स) मात्र लेन्समध्ये नाहीतर बॉडीत, कुठेतरी हवंच. आणि पळणारं पोर हलून येतं ते स्टॅबिलायझेशनने थांबत नाही, त्याला शटर स्पीड लागतो, १/२५० किंवा जास्त.

पक्ष्यांचे फोटो काढायचेत, बजेट कमी आहे.

जुना क्रॉप कॅमेरा विकला नसेल तर विकू नका. ३०० एमएम त्यावर ४५० सारखी दिसते, आणि पक्ष्यांना शेवटी तेच हवं असतं. फुल फ्रेमवरच काढायचं असेल तर कॅनन आरएफ १००-४०० एफ ५.६-८ हलकी आणि परवडणारी आहे, उजेड मात्र हवा. निकॉनवाल्यांनी एएफ-पी ७०-३०० चा फुल फ्रेमवाला प्रकार अडॉप्टरवर लावावा, क्रॉपसाठीचा वेगळा येतो तो नव्हे. टॅमरॉनची ७०-३०० सोनी आणि निकॉन झेडला मिळते, शार्प आहे, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही, बॉडीत असायला हवं. स्टॅबिलायझेशन नसलेल्या जुन्या ७५-३०० कितीही स्वस्तात मिळाल्या तरी लांब राहा, ३०० ला शार्पपणा कमी आणि हात हलला की उरलासुरलाही जातो.

लँडस्केपसाठी वाइड लेन्स लगेच घ्यावी का?

लगेच नको. कॅमेरा उभा धरा, एक्सपोजर आणि फोकस मॅन्युअल करा, प्रत्येक फोटोत आधीच्याचा एक तृतीयांश भाग येईल असे चार-पाच काढा आणि जोडा. किट लेन्सने काढलेला जोडफोटो एका वाइड फोटोपेक्षा मोठा आणि जास्त बारकाव्यांचा निघतो. लाटा किंवा वाऱ्यात हलणारी झाडं असतील तर जोड दिसतो, तेवढी एक अडचण. हे करून कंटाळा आला तरच वाइड. कॅननची आरएफ १६ एफ २.८ तर १६५ ग्रॅमची आहे.

मॅक्रो (अगदी जवळून काढलेले फोटो)?

एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मधे लावायची पोकळ नळी. इलेक्ट्रिक कनेक्शनवाल्या घ्या, नाहीतर अपर्चर बदलता येत नाही. कॅनन आरएफ ३५ एफ १.८ घेणार असाल तर ती स्वतःच अर्ध्या लाइफसाइझपर्यंत (वस्तू सेन्सरवर खऱ्या मापाच्या निम्मी) जाते, ट्यूबचा खर्च वाचला.

फिल्मच्या काळातल्या मॅन्युअल लेन्स खूप स्वस्त दिसतात, घेऊ?

मजेसाठी जरूर, पण हीच एकमेव लेन्स म्हणून नको. हेलिऑस ४४-२ सारखी ५८ एमएम एफ २ फुल फ्रेमवर आपलं खरं रूप दाखवते, मागचा पाला गोल गोल फिरल्यासारखा येतो. मिररलेसवर फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणं) आणि मॅग्निफाय आहे त्यामुळे फोकस जमतं, स्थिर गोष्टींना तर सहज. मेनूत दोन ठिकाणी जा: लेन्स नसताना शटर चालू ठेवण्याचा पर्याय, आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर तिथे फोकल लेंग्थ हाताने टाका. हे दुसरं लोक करत नाहीत आणि मग म्हणतात जुन्या लेन्सने फोटो हलतात.

यूव्ही फिल्टर लावायचाच का?

हूड (लेन्सच्या पुढे बसणारं कडं) लावा. समुद्राकाठी किंवा धुळीत फिल्टर ठीक आहे, पण स्वस्त फिल्टरने दिव्यांची भुतं (फिकट प्रतिबिंबं) उमटतात.

दुसरी लेन्स कधी आणि कुठली घ्यायची हे कसं ठरवू?

लाइटरूम, डिजिकॅम असं जे सॉफ्टवेअर वापरता त्यात फोटो फोकल लेंग्थप्रमाणे लावून बघा, पण सगळे नाही, फक्त तुम्ही निवडून ठेवलेले. झूमवाल्यांचे बहुतेक फोटो दोन्ही टोकांना गोळा झालेले दिसतात. रुंद टोकाला गर्दी असेल तर वाइडकडे जा, लांब टोकाला असेल तर ८५ किंवा टेली. मधे कुठेतरी ३५-४० ला ढीग असेल तर तुम्ही प्राइमवाले आहात, त्याच आकड्याची एफ १.८ किंवा एफ २ घ्या. मग आयएसओ बघा, अर्धे फोटो ३२०० च्या वर असतील तर पुढचे पैसे मोठ्या अपर्चरला, कुठल्याही नव्या फोकल लेंग्थला नाही.

मी बॉडी अजून घेतलीच नाहीये. आधीच काही बदलता येईल?

येईल की, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. जुन्या पिढीची बॉडी घ्या. ए७ थ्री, झेड ५ यांचे फोटो आजही उत्तम येतात आणि दोन्हीत बॉडीमध्ये स्टॅबिलायझेशन आहे. नव्या मॉडेलच्या किमतीत जो फरक पडतो त्यात एक ५० किंवा ८५ निघून येते. फक्त आधी लेन्सची यादी करा, त्या लेन्स कुठल्या माउंटला स्वस्तात मिळतात ते बघा, आणि मग त्या माउंटची बॉडी शोधा.